परवाचे टोकन

२१ नोव्हेंबर २००५

आज अंतिम वर्षाला 'धबधबा पद्धत' शिकवली. सॉफ्टवेअर बांधायचं तर आधी लोकांच्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, मग देखभाल. पाणी पायरीपायरीने खाली येतं, परत वर चढत नाही, म्हणून धबधबा. ज्या गावात नळाला पाणी येणं ही बातमी असते, तिथे हा शब्द फळ्यावर लिहिताना माझा खडू जरा अडखळतोच. मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"मॅडम, आमच्याकडचा सहस्रकुंडचा धबधबा उन्हायात कोरडा रायते. मंग सॉफ्टवेअर बी बंद?"

विचारणारी दीपा पाईकराव, उमरखेडकडची. वर्ग हसला. मी म्हटलं, "'उन्हायात' नाही, 'उन्हाळ्यात'. 'रायते' नाही, 'राहतो'." वर्ग आणखी हसला. प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

तास संपल्यावर प्राचार्यांनी बोलावलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष मारोतराव गावंडे कापूस खरेदी केंद्राच्या समितीवरही आहेत. एका माणसाला दोन खुर्च्या असल्या की दोन्ही खुर्च्यांना उद्घाटनं लागतात. तर केंद्राच्या फाटकावर टोकन देणारा संगणक बसवायचा आणि त्याचं सॉफ्टवेअर आमच्या विद्यार्थ्यांनी करायचं. मी विचारलं, केंद्राच्या गरजा काय आहेत? प्राचार्य म्हणाले, "जानेवारीत उद्घाटन, ही गरज." पुस्तकात या प्रकरणाला चाळीस पानं लागतात. आमच्याकडे एका श्वासात आटोपतं.

दोघांचा गट ठरवला. दीपा आणि अमर. अमर हा मारोतरावांचा पुतण्या. कोड बरा लिहितो. हे मान्य करताना मला त्रास होतो, पण बरा लिहितो.

२९ नोव्हेंबर

कापसाच्या धुळीने शिंका येतात म्हणून अमर केंद्रावर गेलाच नाही. आजोबा, काका, मामा सगळे कापसावर जगले आणि याला कापसाची शिंक! दीपा एकटी जाऊन आली. तिथला निरीक्षक उत्तमसिंग राठोड. दीपाने त्याची अशी नक्कल केली की प्रयोगशाळेत मला तंबाखूचा वास आला.

"'हे पाय पोरी,' म्हणे, 'ग्रेडर एक अन् केंद्रं दोन. म्हून काटा एक दिवसाआड. आज ज्याचं मोजनं झालं नाई, तो उद्या बसते, परवा त्याचा नंबर. अन् हे व्यापारी लोक! फोन करते, परवा येतो म्हणते, अन् आजच मेटाडोर घेऊन फाटकात उभे! तुमच्या कंप्युटरनं यायले हाकललं न, तं मी तुले चहा पाजतो.'"

ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा साहेब. त्याने बोट लावल्याशिवाय काटा हलत नाही. तो एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. मधल्या दिवशी माणसं गाडीखाली चूल मांडून बसतात आणि बैल आपल्याच गाडीतला कापूस चघळतात. सरकारला दुसरा ग्रेडर सापडत नाही. उद्घाटनाला पाहुणा मात्र दर वेळी सापडतो.

दीपाला म्हटलं, हे सगळं नीट लिहून काढ. आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे. दोन निघाले तर ती गरज नव्हे, अफवा.

६ डिसेंबर

दीपा आज रजेवर. सहा डिसेंबरला ती गावच्या विहारात असते, आई तुळसाबाई गाणी म्हणणाऱ्या बायकांत पुढे असते, असं मागे सांगत होती. जाताना गरजांचा दस्तऐवज माझ्या टेबलावर ठेवून गेली. अमरला आजच हवा होता, म्हणून मीच बसून साफ केला.

काय ही भाषा! दस्तऐवज आहे की बाजारातलं भांडण? 'गाडीवाला बोंबलला तं' याचं मी 'तक्रार उद्भवल्यास' केलं. 'काटा बंद पडला की' याचं 'यंत्र नादुरुस्त झाल्यास'. एका ठिकाणी तर दीपाबाईंनी लिहिलंय: 'परवा आला अन् मोजायचा राह्यला, त्याचं टोकन चालते, त्याले पयले घ्या. परवा येतो म्हणून फोन केला, त्याचं आज चालत नाई.' म्हणजे परवाचं चालतं आणि परवाचं चालत नाही! दोन ओळींत दोनदा परवा. एक ओळ ठेवली, एक काढली. 'परवाचे टोकन ग्राह्य.' तीन शब्द. अशा वेळी वाटतं, साप्ताहिकातलं 'चिमटा' हे आपलं सदर लोक उगाच वाचत नाहीत.

आई पलंगावर तूर निवडत होती. "कायचं खोडून राह्यली वं एवढं?"

"पोरांचं मराठी."

"त्यायचं त्यायले समजते ना? मंग तुले काय तरास हाये?"

"तुझी हरकत ग्राह्य नाही, आई."

"ग्राह्य नाई म्हंजे?"

"म्हणजे चालत नाही."

"मंग 'चालत नाई' म्हण ना!" आणि तुरीतला खडा तिने खिडकीबाहेर फेकला. माझ्याच दिशेने फेकल्यासारखा.

संध्याकाळी अमर येऊन साफ प्रत घेऊन गेला.

८ डिसेंबर

वीज दिवसभर नव्हती. भारनियमनात सॉफ्टवेअर शिकवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणं शिकवणं. दीपा वऱ्हांड्यात गाठून म्हणाली, "मॅडम, ते टोकनाचं वाक्य..."

मी म्हटलं, "वाचलंस ना आता? किती सुटसुटीत झालं! असं लिहायचं असतं."

"हो, पण मॅडम, परवा म्हंजे..."

"म्हणजे. 'म्हंजे' नाही." तेवढ्यात वीज आली आणि सगळे प्रयोगशाळेकडे धावले. मीही धावले. आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. तिला बसायला सांगायलाही वेळ नसतो.

१२ जानेवारी २००६

उद्घाटन तेवीस तारखेला ठरलं. मी प्राचार्यांना म्हटलं, अजून चाचणी झालेली नाही. अमरने कोड घरी बसून लिहिला, दीपाने छपाईचा भाग इथे बसून लिहिला. दोन्ही एकत्र चालवून पाहायला हवेत, आणि तेही केंद्रावर, खऱ्या गाड्या उभ्या असताना.

"मॅडम, उद्घाटन हीच चाचणी."

मी म्हटलं, पूल बांधल्यावर त्यावरून आधी रिकामी गाडी नेतात, वऱ्हाड नेत नाहीत. ते म्हणाले, तुमचं हे वाक्य 'चिमटा'त छान बसेल. स्तुती केली की मी गप्प बसते हे या माणसाला कुणी सांगितलं, ठाऊक नाही. मी गप्प बसले.

२३ जानेवारी

उद्घाटन झालं. मारोतरावांनी संगणकावर नारळ फोडला. म्हणजे फोडणारच होते, दीपाने मध्ये हात घातला म्हणून तो फाटकाच्या खांबावर फुटला. फ्लॉपीच्या फटीत कुंकू मात्र गेलं. पहिलं टोकन मारोतरावांच्या हस्ते, मारोतरावांच्याच भाच्याच्या गाडीला. भाषणात 'माहिती तंत्रज्ञान' हा शब्द इतक्या वेळा आला की पहिल्या रांगेतला बैल उठून उभा राहिला. दीपाचं नाव एकदाही आलं नाही. अमरचं आलं, तेही 'आमचा अमर' असं.

२५ जानेवारी

लिहिताना पेनाने दोनदा कागद फाटला. रागाने.

दुपारी उत्तमसिंगचा फोन. "मॅडम, या बावा लवकर. तुमचं मशीन येडं झालं." दीपाला घेऊन ऑटोने गेले. फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या, आणि सगळ्या जागच्या जागी. टिनाच्या शेडमध्ये उत्तमसिंग एका बोटाने कळा दाबत होता. समोर दिग्रसकडच्या तांड्यावरची बसंतीबाई, हातात सोमवारचं टोकन.

"हे काय म्हणून राह्यलं?" ती विचारत होती.

"अग्राह्य म्हणते."

"म्हंजे?"

"मले काय माहीत? पण लाल अक्षरात हाये. चांगलं नसन."

तिच्या मागे सोमवारपासूनचे सगळे असेच अग्राह्य होऊन उभे. एवढ्यात एका व्यापाऱ्याचा मेटाडोर आला. त्याने फोनवर शुक्रवारचं टोकन घेतलेलं, पण आला आजच. उत्तमसिंगने नंबर टाकला. हिरवी अक्षरं! ग्राह्य! मेटाडोर आत.

बसंतीबाईने एकदा मेटाडोरकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "तो परवा येनार होता, तो आजच आत. मी परवाच आली, मी बाहेर. तुमच्या कंप्युटरले पुढचंच दिसते काय वं? मागचं दिसत नाई?"

उत्तमसिंग म्हणाला, "बाई, मशीन हाये. मशीनशी काय भांडतं?"

"मशीनशी कोन भांडते? मी तं तुह्याशी भांडून राह्यली!" असं म्हणून तिने गाडी सोडली, एक बैल आणला आणि त्याचा दोर संगणकाच्या टेबलाच्या पायाला बांधला. "आता हा बी अग्राह्य. राहू दे इथंच." बैलाने पाहुण्यासारखं इकडेतिकडे पाहिलं, मान फिरवली, आणि पडदा, कळफलक, छपाईयंत्र सगळं धुळीत. देखभालीचा टप्पा तिथेच संपला.

हाताने टोकन लिहिणं पुन्हा सुरू झालं. बसंतीबाईचं मोजणं सूर्य कलताना झालं. जाताना तिने दीपाला विचारलं, "तू बनवलं व्हय हे?" दीपा मान खाली घालून हो म्हणाली. "मंग तुह्या घरी कापूस नसन," बसंतीबाई म्हणाली. दीपाच्या घरी कापूस आहे. मामाच्या वावरात दर दिवाळीला ती वेचायला जाते. पण तिने ते सांगितलं नाही.

२७ जानेवारी

कोड उघडून पाहिला. अमरने केलंय ते असं: आजच्या तारखेचं टोकन घ्यायचं, आजपासून दोन दिवस पुढचं घ्यायचं, बाकी सगळं बाद. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं?

"डॉक्युमेंटमध्ये आहे ना मॅडम. परवाचे टोकन ग्राह्य. फोनवरचं बुकिंग पुढच्या काट्याचंच असते, म्हणजे परवाचं. मी तेच घेतलं."

"आणि मागचा परवा?"

"मागचा पाहिजे होता तं तसं लिहिलं नसतं काय?"

त्याच्यापाशी उत्तर आहे, हेच मला सहन होईना. कारण तो खरं बोलत होता. लिहिलंय तसं त्याने केलं. गेलेला परवा आणि येणारा परवा, दोघांना आपल्या भाषेत एकच शब्द. म्हणूनच तर लिहिणाऱ्याने सावध राहायचं असतं! मी दीपाकडे वळले. दोन महिने घसा फोडून सांगते, एका वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे. आणि तू, केंद्रावर स्वतः जाऊन आलेली मुलगी, असं दुतोंडी वाक्य लिहितेस?

"मॅडम, मी लिहिलतं..."

"'लिहिलतं' नाही! 'लिहिलं होतं'! निदान चूक तरी शुद्ध भाषेत सांग!"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी चिडले आहे हे तिला दिसत होतं, पण घाबरल्याचं चिन्ह नाही. आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहणं. हल्लीच्या मुलांना अपराधीपणाची सवयच राहिलेली नाही.

घरी येऊन 'चिमटा' एका बैठकीत लिहून काढला.

३० जानेवारी

साप्ताहिक आलं. सदराचं शीर्षक 'ज्यांना वाक्य येत नाही, त्यांना संगणक दिला'. ग्रेडर, सरकार, नारळ, मेटाडोर, कुणालाच सोडलं नाही. शेवटचा परिच्छेद असा: 'आणि मग ती नवी पिढी, जिला एका अर्थाचं एक वाक्य लिहिता येत नाही. यांच्या एका निष्काळजी ओळीने दोन दिवस ताटकळलेली बाई रांगेबाहेर गेली. ओळ लिहिणाऱ्याने निदान ती मोठ्याने वाचून तरी पाहायची होती.'

सकाळपासून फोन. दारव्ह्याहून एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, शेवटचा परिच्छेद काळजाला भिडला.

आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ते उमरखेडवाली पोरगी वाचन न हे?"

"वाचू दे. लागलं पाहिजे."

"लागन," आई म्हणाली.

३ फेब्रुवारी

संताप! नुसता संताप!

प्राचार्यांनी चौकशी नेमली आहे आणि चौकशीआधीच निकाल लावला आहे. दीपाच्या प्रकल्पाचे गुण रोखणार. प्रकल्पाचे गुण नाहीत म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे पुण्याची नोकरी गेली. अमरावतीच्या मुलाखतींमध्ये आमच्या वर्गातून तिची एकटीची निवड झाली आहे, आणि त्या कंपनीला जूनमध्ये पास झालेली मुलगी हवी आहे, पुढच्या वर्षीची नाही. अमरचे गुण? ते सुरक्षित. कारण 'त्याने दस्तऐवजाप्रमाणे काम केलं'. गावंडे चुकत नाहीत. पाईकराव असली की चूक आपसूक तिच्या नावावर चढते. हे प्राचार्य तोंडाने म्हणत नाहीत. पण म्हणावं लागत नाही, यातच सगळं आलं.

मी केबिनमध्ये शिरून विचारलं, चाचणी कुणी होऊ दिली नाही? उद्घाटनाची घाई कुणाची? एका ओळीसाठी एका मुलीचं वर्ष घेता?

त्यांनी खणातून साप्ताहिक काढलं आणि शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. "मॅडम, आम्ही कुठे काय म्हणतो? तुम्हीच म्हणता. निष्काळजी ओळ."

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर! मी म्हटलं, मी टीका केली, शिक्षा नाही मागितली. ते म्हणाले, फरक काय?

दीपाला बोलावलं. चौकशीत उभी राहा, म्हटलं. बोल. केंद्रावर काय ऐकलंस ते सांग. तू बोलत काहून नाहीस? (हो, मी 'काहून' म्हटलं. रागात.)

ती म्हणाली, "मी बोलली तं तुमचं बी नाव येईन, मॅडम."

"येऊ दे! मी मार्गदर्शक आहे तुमची. माझं नाव आलंच पाहिजे. आणि 'येईन' नाही, 'येईल'."

"हो मॅडम. येईल."

बस. एवढंच बोलून गेली. माझ्या नावाची काळजी! एवढी भिडस्त मुलगी पुण्यात कशी टिकायची, देव जाणे.

७ फेब्रुवारी

चौकशी झाली. जसं झालं तसं लिहिते.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मारोतराव, उत्तमसिंग, अमर, दीपा आणि मी. चहा चौघांना आला. विद्यार्थ्यांना नाही. प्राचार्यांनी दस्तऐवजातली ओळ वाचली, 'परवाचे टोकन ग्राह्य', आणि उत्तमसिंगला विचारलं, "तुम्ही या मुलीला हेच सांगितलं होतं?"

उत्तमसिंग खुर्चीत सरसावला. त्याला स्वतःची कातडी वाचवायची होती, आणि तो आवाज चढवूनच वाचवतो. "म्या? म्या हे सांगतलं? ग्राह्य? साहेब, मी जन्मात हा शब्द बोल्लो नाई! घरी जाऊन बायकोले 'ग्राह्य' म्हटलं तं ते मले दवाखान्यात नेईन!"

मारोतराव हसले. अमर हसला. "मग काय सांगितलं होतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"म्या म्हणलं, परवा आला अन् राह्यला त्याले पयले घ्या, अन् परवा येतो म्हणणाऱ्याले आज येऊ देऊ नका. सिध्धी गोष्ट. हे ग्राह्यबिह्य तुमच्या कालेजातलं असन."

प्राचार्य दीपाकडे वळले. "मग हा शब्द तुझा?"

दीपाने माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीबाहेर लोहाऱ्याकडे जाणारा रस्ता दिसतो, तिकडे पाहत राहिली.

आणि मी त्या शब्दाकडे पाहत होते. ग्राह्य. एकवीस वर्षांची मुलगी, 'बोंबलला तं' लिहिणारी, हा शब्द कुठून आणेल? हा शब्द माझ्या घरात राहतो. आईच्या तुरीच्या सुपाजवळ. 'मंग चालत नाई म्हण ना!'

तो खडा मला आज लागला.

तिची ओळ तर बरोबर होती. उत्तमसिंग आत्ता जे बोलला, शब्द न् शब्द तेच. 'आला' आणि 'येतो'. एक परवा मागचा, एक पुढचा, आणि दोघांना वेगळं ठेवणारी क्रियापदं. मी क्रियापदंच कापली. तीन शब्दांत बसवण्यासाठी.

मी म्हटलं, "शब्द माझा आहे. ओळही माझी आहे. दीपाने बरोबर लिहिलं होतं, मी ते कापलं. त्या दिवशी ती कॉलेजात नव्हती."

मारोतरावांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "असं होय! मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता? शब्दांचा घोळ झाला, दुसरं काय? भाषा आहे, व्हायचंच."

"अगदीच किरकोळ," प्राचार्य म्हणाले. आणि फाईल मिटली.

किरकोळ! दीपाची होती तोवर ती निष्काळजी ओळ होती, वर्ष खाणारी. माझी झाली तशी भाषेची गंमत झाली, वर बिस्किट. एकच चूक, एकच केबिन, एकाच चहाच्या ट्रेसमोर. मला माफीचा एवढा राग कधी आला नव्हता.

मी विचारलं, "मग दीपाचे गुण?"

"बघू. चौकशीचा अहवाल लागतो. आणि आता अहवालात लिहिणार काय? तुमचं नाव कसं लिहायचं?"

म्हणजे माझं नाव झाकायला तिचे गुण लटकत ठेवणार. मी म्हटलं, "उद्या मी लेखी देते. ते जोडा आणि गुण पाठवा. नाही जोडलं तर 'चिमटा'त छापते. परवाच्या घाईचं उद्घाटन, नारळ, सगळ्यासकट." प्राचार्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी बिस्किट चहात बुडवलं, आणि ते आतच तुटलं.

बाहेर आल्यावर दीपाला म्हटलं, तू मला आठ डिसेंबरलाच सांगायला आली होतीस ना?

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून राह्यली होती, मॅडम," ती म्हणाली.

८ फेब्रुवारी

सकाळी निवेदन लिहिलं. एकच ओळ, माझ्या पद्धतीची: 'परवाच्या चुकीची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.' वाचून पाहिलं, मोठ्याने. छान वाटलं. पण कुणी तरी तपासायला हवं. तपासल्याशिवाय काही फाटकावर पाठवायचं नाही, हे मीच शिकवते. दीपाला प्रयोगशाळेत बोलावलं आणि कागद दिला.

तिने वाचला. पुन्हा वाचला. पेनाचं टोपण चावत म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"कोणता परवा? झालेला का येनारा?"

माझ्या तोंडात 'येणारा' आलं होतं. गिळलं.

"दोन्ही," मी म्हटलं. "आण इकडे. नको, राहू दे. तूच लिही."

"माह्या भाषेत?"

"तुझ्या."

तिने खाली बसून लिहिलं. वेळ लावला. अमर मागून डोकावला, तिने त्याला कोपराने ढकललं. मग कागद माझ्यापुढे ठेवला. 'सहा डिसेंबरले मॅडमनं टोकनाचं वाक्य कापलं. दीपानं लिहिलतं ते बरोबर होतं. अमरनं कापलेलं वाचून कोड केला. कोनी चाचणी होऊ देल्ली नाई, कारन उद्घाटन होतं.'

उद्घाटनही आलं त्यात. मी वगळलं होतं.

'लिहिलतं'वर माझा पेन थांबला. सवयीने टोक खाली टेकलं, शाईचा ठिपकाही पडला. मग तो उचलून खाली नेला, सही केली, आणि कागद पुढे पाठवताना मार्गदर्शकाचा शेरा लागतो, म्हणून सहीच्या वर लिहिलं: चालते.